पंपाची धास्ती, गोळीचा भरवसा

मुलाला दमा आहे म्हटले की आई-वडील हादरतात. पण इन्हेलर लिहून दिला की त्याहून जास्त घाबरतात. ‘पंप नको, सवय लागेल. गोळीच द्या,’ ही विनवणी बालरोगतज्ज्ञ म्हणून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्यात ‘स्टेरॉइड’ हा शब्द निघाला की आजीसुद्धा कान टवकारते! म्हणून या औषधांचा जमाखर्च एकदा मांडायला हवा.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. साल्बुटामॉलचा पंप आवळलेली नळी तात्पुरती मोकळी करतो. सूज तशीच राहते. ती आटोक्यात ठेवायला रोजचे प्रतिबंधक औषध लागते. त्यांत सरस कोणते?

अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ५ ते १२ वर्षांच्या १०४१ मुलांपैकी काहींना ब्युडेसोनाइड हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, काहींना नेडोक्रोमिल, तर काहींना औषध नसलेला फवारा दिला. ४ ते ६ वर्षांत ब्युडेसोनाइडच्या गटात इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक घटले. नेडोक्रोमिलचा गुण बेताचाच आला.

याची किंमत? उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरली. हीच मुले मोठी झाल्यावरचे आकडे २०१२ साली आले, तेव्हाही फरक जवळपास तेवढाच होता. रात्र रात्र धापा टाकणाऱ्या लेकराकडे पाहून या सेंटिमीटरचे मोल करावे.

आणि गोळी? मॉन्टेलुकास्ट द्यायला सोपी, पण बहुतेक मुलांत फवाऱ्यातल्या स्टेरॉइडइतकी गुणकारी नाही. शिवाय वाईट स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार अशा तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ‘साधी गोळी’ तितकी साधी नाही!

खरा धोका मात्र वेगळाच आहे. मूल खेळू-बागडू लागले की घरचे आपणच औषध थांबवतात. पण हे औषध दमा मुळातून काढत नाही, काबूत ठेवते. त्या चाचणीतही औषध थांबल्यावर फायदा ओसरला. तेव्हा कमीत कमी पुरेशी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, लहानग्यांना स्पेसर लावून द्या, नंतर चूळ भरायला लावा आणि अधूनमधून उंची मोजा. औषध कमी करायचे, तेही विचारूनच.