नियम खिशात, पंच कुठे?

प्रशियाच्या रायस्वित्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात निवाड्याला पंच असे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’मधून हा खेळ शिशाच्या शिपायांसह घरातल्या जमिनीवर मांडला. ते पुस्तक हाती असेल, तर आजही डाव रंगतो.

टेबलावरची चकमक याच कुळातली. दोन्हीकडे मूठभर बाहुल्या, फासे, मोजपट्टी. पण प्रत्येक शिपायाची शस्त्रे आणि कसब वेगळे; म्हणून नियमांना पुरवण्या अनेक. आता त्या मोबाइलमध्ये मावतात. स्पेनच्या कॉर्व्हस बेली कंपनीच्या ‘इन्फिनिटी’चे नियम पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. जाडजूड ग्रंथ वाहायला नकोत, हवे ते कलम क्षणात सापडते. सोय खरीच.

बँकेत परिपत्रक आले, की आम्ही नियमपुस्तिकेत तारखेसह चिठ्ठी डकवत असू. खालचा जुना नियम वाचता येई. कोणते कर्ज कोणत्या नियमाने दिले, ते वर्षांनंतरही सांगता येई. ॲपमधला नियम रातोरात बदलू शकतो, मागे खूण राहीलच असे नाही. कंपनीने ॲप बंद केले, तर बाहुल्या उरतील, डाव नाही.

बहुतेक चकमकींत पंच नसतो. दोघांनी मानलेला मजकूर हाच पंच. तेव्हा फासे टाकण्यापूर्वी आवृत्तीची तारीख ठरवावी आणि फाइलची एक प्रत स्वतःपाशी ठेवावी. ज्याचा नियम दुसऱ्याच्या कुलपात, त्याचा खेळ उसनाच म्हणायचा!