प्रगतिपत्रकावर सही करण्यापूर्वी

उसाची गाडी काट्यावर चढली की आपला सभासद पावतीवरचा आकडा न् आकडा वाचतो. भरलेले वजन किती, रिकामे किती, वजावट किती धरली, प्लॉटचा नंबर बरोबर आहे की नाही, सगळे जागेवर पाहतो. पाहायलाच हवे. वर्षाच्या कष्टाचा तो हिशेब आहे. पण दिवाळीच्या आगेमागे आणि पुन्हा १ मेच्या सुमारास पोरगे प्रगतिपत्रक घेऊन घरी येते, तेव्हा हाच सभासद विचारतो, "सही कुठं करायची?" आणि सही ठोकून मोकळा होतो. पत्रकात काय लिहिले आहे, हे ना बापाने वाचले, ना पोराला कुणी विचारले.

यात पालकांचा सगळाच दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वेळी शंभरपैकी किती पडले आणि पास की नापास एवढेच असायचे. आता पत्रकावर अ-१, ब-२, क-१ अशी अक्षरे असतात, 'आकारिक' आणि 'संकलित' असे जड शब्द असतात. ते कुणी उलगडून सांगितलेले नसते. म्हणून या अंकात ते सोप्या भाषेत मांडत आहोत.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. अर्थ एवढाच, की मुलाला वर्षाकाठी एका पेपरावर न तोलता वर्षभर पाहत राहायचे. वर्गात बाई किंवा गुरुजी जे रोज पाहतात, तोंडी विचारतात, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय करून घेतात, मध्येच छोटी चाचणी घेतात, ते सगळे 'आकारिक'. सत्राच्या शेवटी जी परीक्षा होते ती 'संकलित'. या पद्धतीत लहान वर्गांत आकारिकाला वजन जास्त ठेवले. पहिली-दुसरीला शंभरपैकी ७०, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. उरलेले गुण संकलिताचे. दोन्हींची बेरीज करून श्रेणी लावतात. ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, मग दहा-दहाच्या टप्प्याने ब-१, ब-२, क-१, क-२. ३३ ते ४० म्हणजे ड. त्याखाली ई-१, आणि वीस किंवा त्याहून कमी म्हणजे ई-२.

आता खरी गोम इथे आहे. समजा तिसरीतल्या दोन पोरांना मराठीत ६२ गुण, म्हणजे ब-२ मिळाले. एकाचे आकारिक साठपैकी ४८ आणि संकलित चाळीसपैकी १४. दुसऱ्याचे आकारिक २८ आणि संकलित ३४. श्रेणी एकच, पण दुखणे वेगळे. पहिला बोलतो चांगला, वर्गात हात वर करतो, मात्र लिहायला बसवला की अडतो. दुसरा परीक्षेपुरता तयार होतो, वर्षभर एक तर गैरहजर किंवा वही कोरी. पहिल्याला रोज चार ओळी लिहायला लावाव्या लागतील. दुसऱ्याच्या बाबतीत हजेरी पाहावी लागेल, आणि तो शाळेच्या वेळेत म्हशीमागे किंवा दारं धरायला तर जात नाही ना, हे आधी घरातच विचारावे लागेल. नुसती श्रेणी वाचून यातले काहीच कळत नाही. आपला शेतकी विभागाचा माणूस ब्रिक्स मीटर घेऊन फडात येतो, तेव्हा बुडाचा आणि शेंड्याचा ब्रिक्स वेगवेगळा पाहतो. बुडात गोडी आणि शेंडा कच्चा असला तर ऊस तोडायचा थांबवतो, उसाला शिव्या देत नाही. तसेच हे.

श्रेणीच्या शेजारी 'वर्णनात्मक नोंदी' असतात. पालक त्या सोडून देतात, पण कामाचा मजकूर तिथेच असतो. 'हातच्याची वजाबाकी करताना चुकतो', 'वाचतो पण आशय सांगता येत नाही' अशी एखादी ओळ दहा श्रेणींपेक्षा मोलाची. काही पत्रकांवर मात्र सगळ्या वर्गाला एकच नोंद उतरवलेली दिसते, 'अभ्यासात प्रगती आहे'. अशी नोंद आली तर शाळेत जाऊन विचारावे. भांडायला नको, विचारायला जावे.

विचारायचे कसे, हाही प्रश्नच. बाजाराच्या दिवशी रस्त्यात गाठ पडते. "गुरुजी, पोरगं कसंय?" "बरंय की." "मारा की जरा, अभ्यास करत न्हाई." झाली पालकभेट! मुलाला मारायला कायद्याने बंदी आहे, ती आधी ध्यानात ठेवावी. त्याऐवजी शाळेत जाऊन निवांत विचारा: गुरुजी, न पाहिलेला धडा तो आपला आपण वाचतो का? वाचलेले सांगतो का? बेरीज-वजाबाकी कुठवर आली? पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही काय करून घेणार, आणि घरी आम्ही काय करायचे? असे विचारणारा पालक आला की शिक्षकालाही हुरूप येतो. शिवाय हे उपकार मागणे नव्हे. शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगितली पाहिजे, असे त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात लिहिले आहे.

वाचनाचा मुद्दा आम्ही मुद्दाम घेतला. २०२४ च्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आपल्या घरातले मूल कुठल्या अर्ध्यात आहे, हे बघायला परीक्षा लागत नाही. आज संध्याकाळी हाच अंक त्याच्या हातात द्या आणि चार ओळी वाचायला सांगा. आईला स्वतःला वाचता येत नसले तरी पोर अडखळतेय का, हे तिच्या कानाला बरोबर समजते.

सगळी पोरे आठवीपर्यंत ढकलतात, मग काळजी कशाला, असे अजून काही जण म्हणतात. ते आता जुने झाले. २०१९ साली कायदा बदलला आणि राज्यात २०२३-२४ च्या वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला प्रत्येक विषयाचा पेपर ५० गुणांचा, आठवीला ६० चा, आणि पास व्हायला ३५ टक्के गुण. जो अनुत्तीर्ण होईल त्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा द्यायची संधी आहे. त्यातही राहिला तर त्याच वर्गात ठेवता येते. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. तेव्हा मे महिन्यात मूल मामाच्या गावाला पाठवण्याआधी जादा मार्गदर्शनाचे वर्ग कधी आहेत, हे मुख्याध्यापकांना विचारावे. पाचवीच्या निकालाला धक्का बसून घेण्यापेक्षा तिसरीतल्या ड श्रेणीला जागे झालेले स्वस्त पडते. ई-१, ई-२ मधल्या मुलाला जादा मदत करून निदान ड पर्यंत आणणे, हे शाळेचे ठरलेले कामच आहे.

काही वेळा कारण अभ्यासात नसतेच. फळ्यावरचे चुकीचे उतरवणारा पोरगा 'ढ' नसतो, त्याला लांबचे दिसत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. अक्षरे सतत उलटसुलट होत असतील, तोंडी सगळे येते पण लिहिता येत नाही असे वर्षानुवर्षे चालले असेल, तर अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची गणना आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

शेवटी ऊसतोड मजुरांच्या मुलांविषयी. ती आपली नव्हेत असे म्हणून चालणार नाही. आपलाच ऊस तोडायला त्यांचे आईबाप येतात. त्यांचे मूल दिवाळीच्या आगेमागे गाव सोडते आणि पट्टा पडला की परत जाते. म्हणजे वर्षभराच्या मूल्यमापनातले निम्मे वर्ष त्याच्या पत्रकावर कोरेच. काही मुले गावाकडे हंगामी वसतिगृहाच्या सोयीत मागे राहतात, पण धाकट्या भावंडाला सांभाळायला आणलेली मुलगी फडाच्या बांधावर दिसतेच. अशा मुलांसाठी गावची शाळा शिक्षण हमी पत्रक देते. मूल कुठवर शिकले आहे ते त्यात असते, म्हणजे इथल्या शाळेला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पत्रक नसले, दाखला नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. हे मजुरांना ठाऊक नसते. आपल्या रानात टोळी उतरली की सभासदाने मुकादमाकडून मुलांची नावे, इयत्ता आणि गावच्या शाळेचे नाव एका कागदावर घ्यावे आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हातात द्यावे. अडचण आली तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी आपलेच सभासद. विषय त्यांच्या पुढच्या बैठकीत घालता येईल.