सहा लाखांची टीसीएस

मार्च २०२५ अखेर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये ६,०७,९७९ माणसे नोकरीला होती. २०११च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड शहराची लोकसंख्याही याहून कमी भरली होती.

कंपनीची सुरुवात १९६८ साली मुंबईत, टाटा सन्सचा एक विभाग म्हणून झाली. पंचकार्डांवर टाटा समूहातल्याच कंपन्यांची कामे व्हायची. वीज कंपनीतून आलेल्या फकीरचंद कोहलींनी तिला परदेशी कामांची वाट दाखवली. १९८१मध्ये पुण्यात संशोधन केंद्र उभे राहिले. पुढे हिंजवडी, ठाणे, नागपूरचे मिहान, चेन्नईजवळचे सिरुसेरी असे कॅम्पस होत गेले. बुडापेस्ट आणि माँटेव्हिडिओलाही केंद्रे निघाली, कारण ग्राहकाची भाषा बोलणारी आणि त्याच्या घड्याळाप्रमाणे काम करणारी माणसे तिथेच मिळतात. आज कंपनीत दीडशेहून अधिक देशांचे नागरिक आहेत. बहुसंख्य मात्र भारतीयच.

मला या आकड्यांत सर्वांत मोलाचा वाटतो तो स्त्रियांचा: सुमारे ३५ टक्के, म्हणजे दोन लाखांहून जास्त. देशात एकाच खासगी कंपनीत एवढ्या सुशिक्षित स्त्रिया पगारावर असणे ही मोठी सामाजिक घटना आहे. पण हा आकडा किती नाजूक आहे, तेही दिसले. कोविडकाळात कंपनीने जाहीर केले होते, की २०२५पर्यंत एका वेळी पाव मनुष्यबळच कार्यालयात असले तरी चालेल. प्रत्यक्षात २०२३मध्ये पाचही दिवस हजेरी आली. त्याच वर्षीच्या वार्षिक अहवालात तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी नोंदवले, की नोकरी सोडण्याचे स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा वाढले आहे. एरवी ते पुरुषांइतके किंवा कमी असे. घरून काम करताना काहींच्या घराची घडी बदलली असावी, असा त्यांचा अंदाज होता. मला तो पटतो. लहान मूल आणि आजारी सासू घरी ठेवून हिंजवडीच्या कोंडीत अडकणाऱ्या बाईची नोकरी टिकेल की नाही, हे कार्यालय कुठे आहे यावरच ठरते.

जुलै २०२५मध्ये कंपनीने सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले अधिक. अनुभवी स्त्रिया याच फळीत पोहोचू लागल्या आहेत. त्यांना घराजवळच्या केंद्रात बदली आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम, एवढे कंपनीने हक्क म्हणून द्यावे.