मृगातला येता-जाता तेजोमेघ

जानेवारी २००४. अमेरिकेतल्या केंटकीतले हौशी आकाशनिरीक्षक जे मॅकनील आपल्या ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून घेतलेले फोटो तपासत होते. मृगातल्या एम-७८ तेजोमेघाजवळ त्यांना एक अंधूक डाग दिसला, जो नेहमीच्या नकाशांत नव्हता. आज तो 'मॅकनीलचा तेजोमेघ' म्हणून ओळखला जातो. एवढ्याशा दुर्बिणीतून हे साधलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं!

हा मेघ स्वयंप्रकाशी नाही. त्याच्या टोकाशी व्ही१६४७ ओरायनिस हा बालतारा आहे, वायू आणि धुळीच्या चकतीने वेढलेला. चकतीतलं द्रव्य एरवी संथपणे ताऱ्यावर पडत असतं. कधीकधी मात्र ते आतल्या भागात साचतं आणि बांध फुटावा तसं एकदम कोसळतं. तारा उजळतो, त्याच्या प्रकाशात मेघही दिसू लागतो. २००६ पर्यंत हा तारा मंदावला, २००८ मध्ये पुन्हा भडकला. १९६६च्या एका फोटोतही हा मेघ सापडला आहे! २००८च्या उद्रेकाचा मागोवा घेताना लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीबरोबर जुन्नरजवळची, 'आयुका'ची गिरवलीची दुर्बीणही कामाला लागली होती.

मृगातलाच एफयू ओरायनिस हा तारा त्याहून जबरदस्त. १९३६-३७ मध्ये तो शंभरपटीहून जास्त उजळला आणि अजून पूर्वीइतका मंद झालेला नाही.

अशा उद्रेकांची धग चकतीतल्या धुळीलाही लागते. २००८ मध्ये ईएक्स लुपी हा तारा उजळला, तेव्हा स्पिट्झर दुर्बिणीला त्याच्या चकतीत धुळीचे नवे स्फटिक दिसले. धूमकेतूंमध्ये सापडतात त्याच जातीचे!