मोबाईलमधले फोटो हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, सीना नदीचे पाणी शेतात शिरले. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी मोबाईलवर भरपूर फोटो काढले. पाण्यात बुडालेले सोयाबीन, खरडून गेलेली जमीन, गाळाने भरलेली विहीर, दावणीला मेलेली जनावरे. पंचनाम्याला आधार म्हणून हे फोटो काढले गेले. आता शेतकऱ्याला विचारावे की ते फोटो कुठे आहेत, तर उत्तर ठरलेले, ‘मोबाईलमध्येच हायेत की साहेब!’

मोबाईलमध्ये असणे म्हणजे जपून ठेवणे नव्हे. मोबाईल हौदात पडतो, ट्रॅक्टरच्या चाकाखाली येतो, आठवडी बाजारात चोरीला जातो. नाही तर घरातली पोरे नवा गेम टाकायला जागा हवी म्हणून जुने फोटो पुसून मोकळी होतात. सातबारा हरवला तर दुसरा निघतो. पुसलेला फोटो पुन्हा काढता येत नाही, कारण ते पीकच आता शेतात नाही.

यावर उपाय म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. तळहातावर मावेल एवढी ही डबी असते. एक फोटो चार एमबीचा धरला तरी एक टीबीच्या डिस्कवर दोन लाखांहून जास्त फोटो बसतात. म्हणजे अख्ख्या भावकीचे फोटो मावून जागा उरेल. पेनड्राइव्ह स्वस्त पडतो, पण तो हरवतोही लवकर. कायमच्या साठवणीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

मोबाईल केबलने कॉम्प्युटरला जोडला की तो नुसता चार्ज होऊ लागतो, फोटो काही दिसत नाहीत. बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढावे, केबलची सूचना दिसेल, तिच्यात ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. मग कॉम्प्युटरवर मोबाईलचे नाव येते. त्यात ‘डीसीआयएम’ हे फोल्डर आणि त्याच्या आत ‘कॅमेरा’. हे फोल्डर हार्ड डिस्कवर ‘कॉपी’ करावे, ‘कट’ करू नये. कट करताना मध्येच लाईट गेली किंवा केबल हलली, तर फोटो ना इकडे ना तिकडे अशी गत होऊ शकते. आणि लाईट आपल्याकडे जातेच! कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोटोंची संख्या जुळवावी आणि डिस्कवरचे पाच-दहा फोटो उघडून पाहावेत. हे केल्याशिवाय मोबाईलमधला एकही फोटो पुसू नये. डिस्क काढताना आधी कॉम्प्युटरवर ‘इजेक्ट’ करावे, मगच केबल ओढावी. साध्या हार्ड डिस्कच्या आत फिरणारी तबकडी असते. चालू असताना ती टेबलावरून खाली पडली, तर फोटो मिळण्याची आशा कमीच.

फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस, गट नंबर आणि पीक लिहावे. उदाहरणार्थ ‘२०२५-०९-२३ गट ११४ सोयाबीन’. अशाने सगळे आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. डाळिंबवाल्यांनी तर हे जरूर करावे. तेल्या कोणत्या ओळीत कधी दिसला, हे दोन-तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडते.

‘मी ग्रुपवर टाकलेत फोटो’ असेही काही जण सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि मूळ फाइलमध्ये नोंदलेली वेळ व ठिकाण गळून पडते. पुराव्याच्या दृष्टीने तेच तर महत्त्वाचे! पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाइल जाते. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी मोफत मिळते, त्यातच जीमेलही येते. शिवाय त्या अ‍ॅपमधून फोटो पुसला की तो मोबाईलमधून आणि साठवणीतून, दोन्हीकडून जातो.

आता थोडे आम्हा कर्मचाऱ्यांविषयी. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), तलाठी (ग्राम महसूल अधिकारी) आणि आमचे कृषी सहायक, सगळेच स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढतात. शेततळ्याचे काम, ठिबकची तपासणी, रस्त्याचे खडीकरण, आधीचा आणि नंतरचा फोटो. बदली झाली की दप्तराचा चार्ज यादी करून दिला-घेतला जातो, फोटो मात्र साहेबांच्या खिशातून पुढच्या गावाला जातात. वर्षभराने तक्रार आली की नवा माणूस कुठून दाखवणार? माझे मत असे की ग्रामपंचायतीने स्वतःच्या नावावर डिस्क घ्यावी, ती साठा रजिस्टरला नोंदवावी, कामानुसार फोल्डर करावेत आणि चार्ज यादीत तिची ओळ असावी. नागरिकांची कागदपत्रे त्याच डिस्कवर असतील तर ती कुलूपबंद कपाटातच हवी.

डिस्क एकच असेल तर तीही बिघडू शकते. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने मांडलेला एक हिशेब जगभर वापरला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याला तीन जमल्या नाहीत तरी दोन डिस्का घ्याव्यात. एक घरी आणि दुसरी बहिणीच्या किंवा पाहुण्यांच्या गावी, जिथे आपल्या नदीचे पाणी पोहोचत नाही. घरची डिस्क पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नये. दर सहा महिन्यांनी, खरिपाआधी आणि दिवाळीनंतर, दोन्ही जोडून फोटो उघडतात का ते पाहावे. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की ती चालू असतानाच सगळे फोटो नव्या डिस्कवर उतरवून घ्यावेत.