स्टँडवरचा फ्रीज

श्रीरामपूरचं एसटी स्टँड, मे महिना, दुपारचे दोन. पुण्याची गाडी ‘लागतेय’ एवढ्या एका शब्दावर चौकशीची खिडकी तासभर वेळ मारून नेतेय. पत्र्याखालची सावलीही तापलेली आहे. रसवंतीचे घुंगरू छुमछुमतायत, चरकाशेजारी चोयट्यांचा ढीग वाढतोय. आणि तिथून पाच पावलांवर एक लाल फ्रीज उभा आहे. खरी गर्दी तिथे आहे.

फ्रीज कंपनीने दिलेला. अट एकच, त्यात कंपनीचाच माल ठेवायचा. दुकानदार भाऊ ही अट वरच्या चार कप्प्यांपुरती पाळतात. तळाच्या कप्प्यात बाटल्यांच्या मागे दुधाच्या दोन पिशव्या, लिंबं आणि मटकीचा डबा दडवलेला आहे. “कंपनीचा माणूस दिसला की दूध चहावाल्याकडं जातं,” भाऊ सांगतात आणि सांगता सांगता तीन बाटल्यांची टोपणं उघडून देतात.

दहा-अकरा वर्षांची दोन पोरं येतात. दोघांच्या मुठीत दहा-दहाची नाणी. “लाल द्या.” नाव कुणी घेत नाही, रंग सांगितला की पुरतं. ते एनर्जी ड्रिंक आहे. बाटली हातात घेऊन मी बारीक अक्षरं वाचते: लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, कॅफिनचा त्रास होणारे यांच्यासाठी शिफारस नाही. अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि बाटलीवरची वीज वीतभर. पोरं एकेक घोट मोजून पितायत, दुसऱ्याचा मोठा झाला की भांडतायत. त्यांच्या मागे खाकीतले एक ड्रायव्हर तीच बाटली उभ्या उभ्या संपवतात. “रात्रीपण ड्युटी आहे, ताई.” त्यांना काय बोलणार?

मीही एक काळी बाटली घेते, 250 मिलीची. पाठीवर लिहिलंय, 100 मिलीमागे साखर 10.6 ग्रॅम. म्हणजे सबंध बाटलीत साडेसव्वीस. हा हिशोब मी शेजारच्या चहावाल्या मामांना सांगते तर त्यांना पटत नाही. ते पाण्याचा ग्लास घेतात, साखरेचा डबा ओढतात आणि चमच्याने मोजायला लागतात. दोन. तीन. चौथ्याला भोवती चार माणसं जमतात. सहा चमचे. ग्लासाच्या तळाला पांढरा थर बसतो. मामा ढवळून घोट घेतात आणि तोंड वाकडं करून थुंकतात. “एवढी साखर चहात टाकली तर गिऱ्हाईक कप माझ्याच अंगावर फेकंल!”

मग बाटलीतून तीच साखर गटागट कशी जाते? गारव्याने गोडी दबते, फॉस्फोरिक आम्लाचा आंबटपणा तिला कापतो, उरलेलं काम जिभेवर टोचणारा गॅस करतो. कालचा उघडा राहिलेला कोमट कोला कधी पिऊन पाहा, निव्वळ काकवी. ते आम्ल पुढे दातांवरचं कवचही झिजवतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत हवी, 25 च्या आत असेल तर उत्तम. ही एक छोटी बाटली त्या उत्तमाच्या पलीकडे गेलेली आहे, आणि चहा, बिस्कीट, लग्नातली जिलबी अजून बाकीच आहे.

(रसवंतीच्या ग्लासातही साखर भरपूर असते. घुंगरांवर माझं प्रेम आहे म्हणून मी रसाला औषध म्हणणार नाही.)

साखरेबद्दल या गावात बोलणंही जरा अवघड. आजूबाजूला ऊसच ऊस. तासाभरावर प्रवरानगर, जिथे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचं गाळप 1950 साली सुरू झालं. इथली घरं साखरेवर उभी राहिली, पोरं साखरेवर शिकली. आता त्याच घरांत डायबेटीसला नुसतं ‘शुगर’ म्हणतात. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात 10 कोटींवर माणसांना ती आहे. सगळा दोष बाटलीचा नाही, हे खरंच. पण भाकरी खाल्ली की पोट भरल्याचं कळतं. प्यायलेली साखर पोटाला तितकीशी कळत नाही, आणि माणूस वर वडापावही खातो.

“सरकारचं काय जातंय?” भाऊ करवादतात. “चाळीस टक्के जीएसटी आहे ह्याच्यावर.” खरं आहे, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. फक्त तो साखर मोजत नाही. बिनसाखरेच्या कोल्यालाही 40 आणि सहा चमचेवाल्यालाही 40. त्याच फ्रीजमधली आंब्याची बाटली मी उलटून पाहते: 100 मिलीमागे 13 ग्रॅम, कोल्याहून जास्त. पण तिच्यात गॅस नाही आणि फळाचा गर आहे, म्हणून तिला 5 टक्के! मेक्सिकोने 2014 साली साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. ब्रिटनने 2018 पासून साखरेच्या ग्रॅमप्रमाणे पायऱ्या केल्या, तर कंपन्यांनी आपण होऊन साखर उतरवली. आपला कर बुडबुड्यांवर आहे. माझ्या मते ही शुद्ध दिशाभूल आहे.

एवढ्यात नऊवारीतल्या एक आजी कडेवर नातू घेऊन येतात. पोराची मान त्यांच्या खांद्यावर पडलेली, ओठ सुकलेले. “पांढरी द्या भाऊ, लिंबाची. लेकराला सकाळधरनं जुलाब लागलेत. गॅसनं पोट बसंल.” भाऊंचा हात सवयीने फ्रीजकडे जातो.

इथे मात्र मला गप्प बसवत नाही. “आजी, ती नका देऊ. त्यानं जुलाब वाढतील.”

आजी माझ्याकडे संशयाने बघतात. “आमच्याकडं समदे देत्यात.”

देतात, तेच तर. आतड्यात जास्तीची साखर गेली की ती अंगातलं पाणी तिकडेच ओढून घेते. ओआरएसमध्येही साखर असते, पण लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, सोबत मीठ. थंड्यात लिटरला शंभराच्या वर. बेताची साखर मिठाला आणि पाण्याला हात धरून रक्तात नेते. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून पटकीची कितीतरी माणसं वाचवली. हे सगळं आजींना सांगायला वेळ नाही. मी मेडिकलमधून पाकीट आणते. खोक्यातलं तयार गोड पेय नको, पाकीटच, असं दोनदा सांगावं लागतं.

पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं. लिटरचं माप कुठून आणायचं? भाऊ पाण्याची सीलबंद लिटरची बाटली काढून देतात, पैसे घेत नाहीत. सगळी पूड तेच नीट आत ओततात, हलवतात आणि टोपणात जरासं पाणी घेऊन आधी स्वतः चव पाहतात. नातू पहिल्या घोटाला तोंड फिरवतो, दुसरा घेतो. मग टोपण स्वतःच धरायला बघतो.

“असंच थोडं थोडं पाजत राहा. लघवी झाली नाही, पोर मलूल वाटलं तर गाडीची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठा.”

“बरं,” आजी म्हणतात. पांढरी बाटली मात्र त्या परत करत नाहीत. पैसे दिलेले आहेत. टोपण फिरवतात, फस्स होतं, लांब घोट घेतात. “मला शुगर हाय,” त्या मलाच सांगतात, “पण गोळी चालू हाय.”

पुण्याची गाडी लागते. खिडकीत बसून मी स्टँडवरच्या थंड्याच्या जाहिराती मोजते: फ्रीज, छत्री, पत्रा, उपाहारगृहाची पाटी धरून अकरा. ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तसं सांगणारी पाटी एकही नाही.