सह्यांचा वेगळा रकाना

हाँगकाँगच्या डेमोक्रॅटिक पार्टीने २०२५च्या डिसेंबरात गाशा गुंडाळला. आमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी. मी १९८६ ते १९९७ तिथल्या एका शिपिंग कचेरीत हिशेब लिहीत होतो, त्यामुळे त्या चार ओळी काही केल्या गिळवेनात.

मी जाण्याआधीच्या दीडशे वर्षांच्या ब्रिटिश अमलात सांगण्यासारखं थोडं. गव्हर्नर लंडनहून यायचा, कायदे करणाऱ्या कौन्सिलात आपली माणसं नेमायचा. १९८४ला थॅचरबाई आणि चीनचे पंतप्रधान झाओ झियांग यांनी १९९७ला हाँगकाँग चीनला परत देण्याच्या करारावर सह्या केल्या, तेव्हाही तिथल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

सरकारने विचारलं ते १९८७ साली : पुढच्या वर्षी कौन्सिलसाठी थेट निवडणूक हवी का? फेरीच्या धक्क्याजवळ घडीचं टेबल मांडून पोरं सह्या गोळा करत. नावापुढे ओळखपत्राचा नंबर. माझ्यापुढेही पेन आलं. व्हिसाचं काय होईल, या धास्तीने मी घड्याळ बघत फेरीत चढलो. सव्वादोन लाखांवर सह्या जमल्या, तर सरकारने त्या वेगळ्या रकान्यात टाकल्या. 'नको' म्हणणारी एकसारखी छापील पत्रं मात्र एकेक करून मोजली. असा ताळेबंद मी मांडला असता तर साहेबाने दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. निवडणूक गेली १९९१वर. मधल्या काळात बीजिंगमध्ये तिआनमेन चौकातलं हत्याकांड झालं, हाँगकाँगात दहा लाख लोक रस्त्यावर उतरले, आणि शेवटी थेट निवडणुकीला जागा मिळाल्या साठातल्या अठरा.

१९९२ला पॅटन आले. अंड्याचे टार्ट खात गल्लीबोळांतून हिंडणारा हा गव्हर्नर मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू! त्यांनी मतदानाचं वय २१चं १८ केलं, आणि धंद्या-पेशानुसार वेगळं मत देण्याचे मतदारसंघ इतके ऐसपैस केले की १९९५ला आमच्या कचेरीत चहा देणाऱ्या बाईलाही दुसरं मत मिळालं. त्या दिवशी ती केस सेट करून आली होती. हाँगकाँगचं प्रकरण सांभाळणारे बीजिंगचे अधिकारी लू पिंग यांनी पॅटनना हजार पिढ्यांचा पापी ठरवलं. माझा राग निराळा. भाडेकरूने खोली सोडताना भिंतींना रंग द्यावा, तशी ती लोकशाही. सत्याऐंशीला दिली असती तर थोडी मुरली तरी असती. आमची देशी मंडळी तेव्हा 'आपल्याला काय करायचंय' म्हणत पत्ते पिसत होती. त्यात मीही.

३० जून १९९७च्या रात्री धो धो पाऊस. निवडून आलेलं कौन्सिल मध्यरात्री बरखास्त. त्याच्या इमारतीच्या सज्जातून त्याच डेमोक्रॅटिक पार्टीचे नेते मार्टिन ली बोलत होते. खाली छत्र्यांच्या गर्दीत आमची चहावाली बाई भेटली. तिने एवढंच विचारलं, "तू कधी जाणार?"

माझं तिकीट ऑगस्टचं होतं.